टॅबेबुयाला पाने भरपूर, फुले मात्र नाहीत: एका गृहसंकुलाच्या प्रश्नाला उत्तर

पुण्याच्या पूर्वेकडील उपनगरातील एका गृहसंकुलाच्या बागसमितीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंतर्गत रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांनी सहा वर्षांपूर्वी गुलाबी टॅबेबुयाची वीस रोपे लावली. झाडे आता पंधरा ते अठरा फूट उंच आणि हिरवीगार आहेत, पण मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या आसपास उन्हाळ्याच्या तोंडाशी दिसणारा गुलाबी बहर त्यांच्या रस्त्यावर एकदाही आलेला नाही. अपवाद प्रवेशद्वाराजवळील दोन झाडांचा. ती इतरांपेक्षा खुरटी असूनही गेली दोन वर्षे चांगली फुलत आहेत. बाकीच्या झाडांना लॉनबरोबर रोज ठिबकने पाणी मिळते, लॉनला अधूनमधून युरिया दिला जातो आणि दिव्यांच्या आड फांद्या येतात म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर शेंडे छाटले जातात. प्रवेशद्वारापर्यंत ठिबकची नळी पोहोचत नाही. रोपवाटिकेने दुसरेच काही दिले का, फुले येण्यासाठी एखादे औषध आहे का, आणि कुंपणालगतच्या मोकळ्या पट्ट्यात पिवळ्या फुलांचे कोणते झाड लावावे, असे समितीने विचारले आहे.

प्रवेशद्वाराजवळच्या त्या दोन झाडांनी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर दिलेलेच आहे. एकाच खेपेत आणलेल्या वीस रोपांपैकी जी दोन पाण्यावाचून राहिली तीच फुलत असतील, तर रोपांत खोट नाही आणि औषधाचीही गरज नाही. उरलेल्या अठरा झाडांना ताण, म्हणजे काही काळ पाण्याचा तुटवडा, मिळालेला नाही, एवढेच. डाळिंब, संत्रा किंवा मोसंबीची बाग करणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचे, झाडाची वाढ थांबू द्यायची, पाने पिवळी पडून गळू द्यायची आणि मग फुलांची वाट पाहायची, हा क्रम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. शोभेच्या झाडाला मात्र आपण बाराही महिने पाणी पाजत राहतो आणि ते हिरवे दिसले की निगा चांगली चालली आहे असे समजतो.

या झाडाची ही सवय कुठून आली, हे त्याच्या मूळ प्रदेशावरून कळते. गुलाबी टॅबेबुया, शास्त्रीय नावाने टॅबेबुया रोझिया, हा मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत आढळणारा वृक्ष असून एल साल्वादोरचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. त्याच्या मुलखात आपल्यासारखेच काही महिने भरपूर पाऊस आणि त्यानंतर काही महिने कडकडीत कोरडे असतात. पावसाळ्यात झाड फक्त वाढते. वाढ थांबल्यावर फांद्यांच्या टोकांशी फुलांच्या कळ्या तयार होतात आणि तिथेच निद्रिस्त राहतात. जमीन कोरडी होत गेली की पाने गळतात, पानांवाटे होणारे बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते आणि मुळे खोलवरच्या ओलाव्यातून जे थोडे पाणी ओढतात ते खोडात व फांद्यांत साठू लागते. या साठलेल्या पाण्याच्या जोरावर, किंवा मध्येच एखादी सर पडली तर तिच्या जोरावर, कळ्या फुगतात आणि सारे झाड एकदम फुलते. पीटर राइश आणि रॉल्फ बोर्चर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोस्टा रिकाच्या कोरड्या अरण्यातील पिवळ्या फुलांच्या एका जातीचा याच दृष्टीने अभ्यास करून तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. झाडाच्या अंगातील पाण्याची स्थिती आणि त्याची पानगळ व फुलोरा यांची सांगड त्यांनी त्यात घालून दाखवली. ज्या झाडाच्या मुळाशी जानेवारीतही रोज ओलावा असतो, त्याला पाने टाकण्याचे कारणच उरत नाही. ते एखाद्या फांदीवर दोनचार गुच्छ काढते आणि पुन्हा पालवीच्या मागे लागते.

बंगळुरूमध्ये हे झाड विशेष कौतुक न करताही उत्तम का फुलते आणि आमच्याकडे का नाही, असे पुण्यातील अनेक जण विचारतात. तेथील रस्त्यांवरच्या फुलझाडांपैकी पुष्कळशी झाडे १९८० च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने झालेल्या लागवडीतील आहेत. ती एकदा जगल्यानंतर त्यांना पाणी घालायला कोणी गेले नाही, आणि तेथील तांबडी माती पावसाळा संपल्यावर लवकर कोरडी होते. आपल्याकडील काळी माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे तीच निगा येथे ठेवली तरी ताण बसायला वेळ लागतो, आणि त्यात ठिबकची भर पडली तर तो बसतच नाही. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत व मुंबईतील भरावाच्या मुरमाड जागेत ताण आपोआप बसतो, म्हणून विक्रोळीचा बहर कोणाच्याही मेहनतीवाचून दिसतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. सहा वर्षांच्या झाडाला हिवाळ्यात पाण्याची गरज नसते, हे खरे असले तरी आपल्या झाडांची मुळे रोजच्या ठिबकमुळे वरच्या वीतभर मातीत जमलेली असणार. अशा झाडांचे पाणी एकदम तोडले तर पाने गळतील, पण बारीक फांद्याही वाळतील. म्हणून पहिल्या वर्षी पाणी टप्प्याटप्प्याने कमी करावे. परतीचा पाऊस थांबल्यावर रोजचे ठिबक बंद करून आठवड्यातून एकदाच, पण भरपूर पाणी द्यावे. नोव्हेंबरमध्ये हे अंतर पंधरा दिवसांवर न्यावे आणि डिसेंबर लागताच पाणी पूर्ण थांबवावे. दुसऱ्या वर्षापासून दिवाळीनंतर थेंबभरही पाणी देण्याची गरज नाही. फुले संपून नवी पालवी फुटली की भर उन्हाळ्यात दहाबारा दिवसांनी एकदा आळे भरून पाणी सोडावे. पाणी कमी वेळा, पण खोलवर मुरेल असे दिले की मुळे खाली जातात, आणि अशी झाडे पुढील हिवाळ्यातील ताण निभावून नेतात.

ताण योग्य बसत आहे की नाही हे झाडाकडे पाहूनच ओळखावे लागते, कारण तारखा दरवर्षी बदलतात. प्रथम पानांची चकाकी जाते, दुपारी पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग, किंचित मिटल्यासारख्या दिसतात आणि सकाळी पुन्हा सावरतात. त्यानंतर खालची पाने पिवळी पडू लागतात. पानगळ निम्म्यावर आली की एखादी फांदी वाकवून तिचे टोक जवळून पाहावे. दोन समोरासमोरच्या देठांच्या खुणांमध्ये तपकिरी-करड्या, बारीक कळ्यांचा गच्च झुपका दिसू लागतो. आधी तो डोळ्यांत भरत नाही, पण आठदहा दिवसांत कळ्या टपोऱ्या होऊन त्यांची टोके गुलाबी दिसायला लागतात. हा झुपका दिसत असूनही कळ्या हलेनाशा झाल्या आणि जमीन पार भेगाळलेली असली तर एकदा, फक्त एकदाच, सावकाश भरपूर पाणी द्यावे. झुपका दिसण्यापूर्वी पाणी दिले तर मात्र कळ्यांऐवजी पालवी फुटते आणि त्या वर्षीचा बहर गेला असे समजावे. डिसेंबर-जानेवारीतील अवकाळी पाऊस नेमके हेच करतो. त्यावर उपाय नाही. अशा वर्षी फुले मागेपुढे, तुकड्यातुकड्यांनी येतात आणि ती तशीच पाहावी लागतात.

लॉनचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. झाडाची मुळे पानांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात, त्यामुळे ठिबक बंद केले तरी झाड लॉनचे पाणी पीत राहणार. लॉन आणि टॅबेबुया यांची जोडी दिसायला चांगली असली तरी दोघांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत, आणि मला विचाराल तर रस्त्याकडेच्या चिंचोळ्या पट्टीत लॉनचा हट्ट सोडलेला बरा. तेथे रिओसारखी, हिवाळ्यात पाण्यावाचून तग धरणारी पसरट रोपे लावता येतात. लॉन ठेवायचेच असेल तर खोडाभोवती निदान चारपाच फुटांचे वर्तुळ गवतमुक्त ठेवावे, फवाऱ्यांची तोंडे रस्त्याकडून आतल्या बाजूला वळवावीत आणि हिवाळ्यात लॉनलाही आठवड्यातून दोनच वेळा पाणी द्यावे. फुले पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी येतील.

युरियाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नत्र मिळत राहिले की झाड वाढत राहते आणि वाढणारे झाड कळ्या धरत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर प्रत्येक झाडाला दोनतीन पाट्या कुजलेले शेणखत द्यावे आणि ऑगस्टनंतर कोणतेही नत्र देऊ नये, लॉनलाही नाही. फुलांसाठी म्हणून विकली जाणारी टॉनिके आणून पैसे घालवू नयेत. आंब्याला वापरतात ते पॅक्लोब्युट्राझोल टॅबेबुयाच्या मुळाशी ओतण्याचा सल्लाही अलीकडे कानावर येतो. ते वाढरोधक आहे, जमिनीत दीर्घकाळ टिकते आणि ज्या झाडाला नुसते पाणी तोडून फुले येतात त्याला ते देण्याचे काहीही कारण नाही.

छाटणीची वेळ हे आपल्याकडील बहर जाण्याचे दुसरे कारण आहे. फुले त्या हंगामातील फांद्यांच्या टोकांवर येतात, आणि दिवाळीनंतर शेंडे छाटणे म्हणजे तयार होत असलेल्या कळ्याच कापून टाकणे. छाटणी फुले संपल्यावर लगेच, पालवी जोमात येण्यापूर्वी, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये करावी. शेंगा गोळा करायच्या असतील तर तेवढ्या फांद्या ठेवून बाकीचे काम उरकावे. जुलैनंतर झाडाला कात्री लावू नये.

छाटणी कशी करावी यावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण फुलांइतकाच झाडाच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यात आहे. टॅबेबुयाची पाने फांदीवर समोरासमोर येतात. टोकाला फुलोरा आला किंवा टोक कापले गेले की त्याखालच्या दोन्ही डोळ्यांतून सारख्याच जोमाने दोन फांद्या निघतात आणि त्या ठिकाणी बेचके तयार होते. पुढच्या वर्षी त्या प्रत्येकीच्या टोकाशी आणखी एकेक बेचके होते. आपल्या माळ्याने दरवर्षी शेंडे कापल्यामुळे अठरा झाडांत अशी कितीतरी बेचकी तयार झालेली असणार. बारीक फांद्यांत त्याने काही बिघडत नाही. परंतु मुख्य खोडच सहासात फुटांवर दोन सारख्या जाडीच्या फांद्यांत विभागले असेल, त्या दोन्ही अरुंद कोनात सरळ वर गेल्या असतील आणि मधल्या खाचेत साल आत दुमडलेली दिसत असेल, तर तो सांधा कच्चा समजावा. अशी फांदी वळवाच्या वादळात बुंध्यापर्यंत चिरत जाते आणि खाली मोटार असो वा माणूस, ती पाहत नाही. उपाय असा, की दोहोंपैकी सरळ व सुदृढ फांदी शेंडा म्हणून ठेवावी आणि दुसरी एकदम बुडातून न कापता तिच्या एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे आणून निम्मी करावी. तिची वाढ मंदावते, मुख्य फांदी जाड होत जाते आणि दोनतीन वर्षांनी ती दुसरी फांदी काढून टाकली तरी मोठी जखम राहत नाही. हे काम झाड लहान असताना कात्रीने होते, पंधरा वर्षांनी त्याला शिडी आणि करवत लागते. दिव्यांच्या आड येणाऱ्या फांद्यांसाठीही शेंडे कापू नयेत. खालच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढून खोड आठदहा फुटांपर्यंत मोकळे करावे, म्हणजे झाडाचा घेर दिव्यांच्या वर जातो आणि प्रश्न कायमचा सुटतो.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. झाड आपल्या आवारातील असले तरी शहरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असतो. झाड तोडण्यासाठीच नव्हे, तर मोठ्या फांद्या काढण्यापूर्वीही स्थानिक वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी आणि तो अर्ज फेब्रुवारीतच द्यावा, म्हणजे एप्रिलपूर्वी काम होऊ शकते.

पेव्हर ब्लॉक काही ठिकाणी उचलले जात आहेत, असेही आपण ओझरते लिहिले आहे. त्यालाही बव्हंशी उथळ पाणीच कारणीभूत आहे, कारण ओलावा वर असेल तर मुळेही वरच येतात. खोडाभोवती दीड मीटर लांबीरुंदीचा चौकोन उघडा करावा, त्यातील काँक्रीटचे कडे काढावे आणि उचललेल्या ब्लॉकखालची जाड मुळे तोडण्याऐवजी तेथील पृष्ठभाग थोडा उंच करून घ्यावा. एका बाजूची मुळे तोडलेले झाड त्याच पावसाळ्यात विरुद्ध दिशेला कलंडू शकते.

कीड-रोगांची या झाडाला फारशी बाधा होत नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी आली आणि पानांवर काजळी धरली, तर जोरदार पाण्याचा फवारा व त्यानंतर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी पुरते. दोन इमारतींमधल्या सावलीत असलेली झाडे मात्र कायमच कमी फुलणार. ज्या जागी निदान सहा तास थेट ऊन पडत नाही तेथे ताण, छाटणी, खत यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही, आणि आपल्या अठरांमध्ये अशी काही असतील तर त्यांच्याकडून फुलांची अपेक्षा सोडून द्यावी.

आता पिवळ्या झाडांकडे वळू. येथे रोपवाटिकांमधील नावांचा गोंधळ आधी निस्तरावा लागतो. पिवळा टॅबेबुया या एकाच नावाखाली निदान तीन वेगळी झाडे विकली जातात, आणि कधीकधी टेकोमाचे झुडूपही त्याच पाटीखाली ठेवलेले असते. त्यात भर म्हणून शास्त्रीय नावेही बदलली आहेत. सुझन ग्रोस आणि रिचर्ड ओल्मस्टेड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये या गटाची फेरमांडणी केली, तेव्हा कठीण, जड लाकडाच्या बऱ्याच जाती हँड्रोअँथस या वेगळ्या प्रजातीत गेल्या. इपे या नावाने जगभर विकले जाणारे लाकूड त्यांचेच आहे, आणि तोडीच्या धास्तीने २०२२ मध्ये पनामा येथील साइट्सच्या, म्हणजे संकटग्रस्त वन्यजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत या गटाचा परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या यादीत, समावेश झाला. रोपवाटिकांत मात्र जुनीच नावे चालतात, म्हणून नावापेक्षा पान पाहून रोप घ्यावे.

पान हाताच्या पंजासारखे, पर्णिका लांबट व चामट, दोन्ही बाजूंनी रुपेरी करड्या झाकेच्या आणि खोडाची साल बुचासारखी भेगाळलेली असेल, तर तो टॅबेबुया ऑरिया. पर्णिकांवर व कोवळ्या फांद्यांवर तपकिरी लव असेल आणि शेंगही लोकरीसारख्या लवेने झाकलेली असेल, तर तो हँड्रोअँथस क्रायसोट्रायकस. याहून मोठे होणारे, भरगच्च पिवळे गेंद धरणारे झाड म्हणजे बहुधा हँड्रोअँथस क्रायसँथस. हा व्हेनेझुएलाचा राष्ट्रीय वृक्ष असून तेथे त्याला अराग्वानेय म्हणतात. पान पंजासारखे नसून पिसासारखे, म्हणजे एका लांब दांड्यावर दातेरी पर्णिकांच्या जोड्या असलेले दिसले, तर ते टेकोमा. ते वर्षभर थोडे थोडे फुलते, पण ते वृक्ष नव्हे, आणि त्याचे बी इतके उगवते की अनेक देशांत ते उपद्रवी ठरले आहे.

या तिघांपैकी कुंपणालगत कोणता लावावा हे जागेवर अवलंबून आहे. ऑरिया मूळचा ब्राझीलकडील कोरड्या माळरानांतील असल्याने पाण्याची हयगय सोसतो, त्याची रुपेरी पाने फुलांशिवायही शोभतात आणि त्याची वाढ आवरशीर असते. त्याचा दोष एकच, पण मोठा आहे. तो कलतो. खोड लहानपणापासून वेडेवाकडे वाढते, लाकूड ठिसूळ असते आणि भिजलेल्या काळ्या मातीत तो वाऱ्याने उन्मळतो. मुरमाड, निचऱ्याच्या जागी आणि वाऱ्याच्या थेट तोंडी नसलेल्या ठिकाणी तो लावावा, पहिली दोन वर्षे काठीचा आधार द्यावा आणि खोड सरळ वाढवून घ्यावे. क्रायसोट्रायकस लहान चणीचा असून बंगल्याच्या अंगणाला किंवा दहाबारा फुटांच्या पट्ट्याला योग्य आहे, आणि पठारावरील थंड कोरडा हिवाळा त्याला मानवतो. क्रायसँथसला जागा जास्त लागते. त्याचे गेंद डोळे दिपवणारे असले तरी तो काही दिवसांतच फुलून मोकळा होतो, हे आधीच सभासदांच्या कानावर घालावे, नाहीतर चार दिवसांसाठी एवढा खटाटोप केला का, असे विचारणारे निघतातच. गुलाबी टॅबेबुया त्यामानाने दोनतीन आठवडे फुललेला राहतो आणि कधी दुसरा बहरही देतो.

आपल्या पट्ट्याची रुंदी आपण बारा फूट लिहिली आहे आणि माती काळी आहे. या दोन गोष्टी लक्षात घेता मी तेथे क्रायसोट्रायकस सुचवीन, भिंतीपासून निदान दहा फुटांवर मुळाची जागा धरून आणि दोन झाडांत पंधरा फूट अंतर ठेवून. गडद किरमिजी-जांभळ्या फुलांचा हँड्रोअँथस इम्पेटिजिनोससही पठारावर छान येतो. त्याच्या पर्णिकांच्या टोकाकडील कडा दातेरी असतात, तर गुलाबी टॅबेबुयाच्या अखंड असतात, एवढ्यावरून रोप ओळखता येते. प्रवेशद्वाराजवळच्या मोकळ्या चौकात असा एखादा लावला तर गुलाबीच्या शेजारी तो उठून दिसेल. नीलमोहरही याच कुळातील आहे, आणि तो मुंबईपेक्षा पुण्यात अधिक चांगला फुलतो.

रोप घेताना उंचीला भुलू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षे राहिलेल्या आठ फुटी रोपाची मुळे तळाशी गोल गुंडाळलेली असतात आणि अशी मुळे जमिनीत गेल्यावरही तशीच गोल वाढून पुढे बुंध्याला फास लावतात. पिशवी उलटी करून मुळे पाहू द्यायला रोपवाटिकावाला तयार नसेल तर तेथून रोप घेऊ नये. तीनचार फुटांचे, एकच सरळ शेंडा असलेले आणि पांढरी ताजी मुळे दिसणारे रोप दोन वर्षांत त्या आठ फुटी रोपाला मागे टाकते. गोल गेलेली बारीक मुळे लावतेवेळी धारदार चाकूने उभी कापून मोकळी करावीत.

खड्डा खोल नव्हे, रुंद घ्यावा. काळ्या मातीत तीन फूट खोल खड्डा घेऊन त्यात पोयटा आणि शेणखत भरले की पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्या भुसभुशीत भागात उतरते, बाजूची चिकण माती ते बाहेर जाऊ देत नाही आणि मुळे कुजतात. दीड-दोन फूट खोल व चार फूट रुंद खड्डा पुरेसा आहे. निघालेलीच माती, तिच्यात एक चतुर्थांश मुरूम व थोडे कुजलेले खत मिसळून, परत भरावी आणि रोप सभोवतालच्या पातळीपेक्षा वीतभर उंचीच्या उंचवट्यावर लावावे. बुंध्याचा मातीलगतचा भाग, जेथून मुळे फुटतात, तो मातीखाली गाडला जाऊ नये. लागवड जूनअखेर किंवा जुलैत, वाफसा आल्यावर, म्हणजे मातीतील जादा ओल ओसरल्यावर, करावी. पहिली दोन वर्षे मात्र हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाणी चुकवू नये. ताणाचा वर सांगितलेला सारा विचार मुळे पसरलेल्या झाडासाठी आहे, कोवळ्या रोपावर त्याचा प्रयोग करायचा नाही. पहिली फुले तिसऱ्या ते सहाव्या वर्षात, जातीप्रमाणे आणि रोपाच्या मगदुराप्रमाणे, केव्हाही येऊ शकतात.

बियांपासून रोपे करायची आपली इच्छा असेल तर प्रवेशद्वाराजवळच्या झाडांच्या शेंगा वापरता येतील. त्या लांब, काठीसारख्या शेंगा उन्हाळ्यात तपकिरी होऊन उकलतात आणि आतील कागदी पंखांच्या बिया वाऱ्यावर उडून जातात, म्हणून उकलण्यापूर्वीच काढून कागदी पिशवीत वाळवाव्यात. बी लवकर निकामी होते. पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, मिळताच भुसभुशीत मातीवर आडवे पसरून वर मातीचा पातळ थर द्यावा. दोनएक आठवड्यांत ते रुजते. बियांच्या रोपांत फुलांचा रंग जवळजवळ पांढऱ्यापासून गडद गुलाबीपर्यंत बदलतो. रस्त्याच्या कडेला असा मिश्र रंग मला स्वतःला आवडतो, पण ज्यांना एकसारखी रांग हवी त्यांनी आवडत्या झाडाची गुटी कलमे बांधून घ्यावीत.

शेवटी आपल्या मागच्या टेकडीबद्दल. तेथेही श्रमदानाने टॅबेबुया लावण्याचा बेत असल्याचे आपण लिहिले आहे. तो कृपा करून सोडून द्यावा. बागेत आणि रस्त्यावर हे झाड शोभते, शिंजीर व भुंगे त्याच्या फुलांवर येतातही, पण टेकडीवर लावण्यासाठी याच कुळातील आपली झाडे आपल्याकडे आहेत. मेडशिंगी पठारावरील उथळ मुरमाड जमिनीत पाण्यावाचून जगते, तिला पांढरी, रात्री दरवळणारी फुले येतात आणि मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगा तिची ओळख पटवतात. सह्याद्रीच्या बाजूला ओलावा बरा असेल तेथे वारस लावावा. निष्पर्ण फांद्यांवर येणारी त्याची चुणीदार पांढरी सुगंधी फुले टॅबेबुयाच्या बहरापुढे कोठेही कमी पडत नाहीत. खडशिंगी, पाडळ आणि टेटू हेही याच कुळातले आहेत. शेवटची दोन तर दशमुळांत मोडतात, आणि टेटूची फुले रात्री उमलून वटवाघळांकरवी परागित होतात. ही रोपे बाजारातील रोपवाटिकांत क्वचित मिळतात, म्हणून वनविभागाच्या रोपवाटिकेत हिवाळ्यातच मागणी नोंदवून ठेवावी आणि टेकडी वनविभागाच्या ताब्यात असल्यास लागवडीची परवानगीही त्याच फेरीत मागून घ्यावी.